चित्र एक, ध्वनी दोन

दूरचित्रवाणीचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुधा कार्यक्रमांचा इतिहास असतो. कोणती मालिका केव्हा सुरू झाली, रविवारी सकाळी रस्ते कसे ओस पडत, कोणाच्या घरी गल्लीतील पहिला संच आला, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु ज्या पेटीतून हे सारे आपल्या घरात शिरले, त्या पेटीत चित्र आणि ध्वनी कसे निर्माण होत, आणि परभाषिक प्रांतांत पिढ्यान्पिढ्या वसलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांशी त्या रचनेचा काही संबंध पोहोचतो काय, याचा विचार फारसा झालेला नाही. आम्ही अभियंते नव्हे. राज्य शासनाच्या सेवेत आमचे आयुष्य गेले. तथापि या विषयाची ओढ आम्हांस जुनी आहे. दूरचित्रवाणीत चित्र आणि ध्वनी आरंभापासून दोन वेगळ्या वाटांनी चालत आले, आणि त्या वेगळेपणाचा एक मोठा प्रयोग आपल्या दख्खनच्याच भूमीवर १९७५-७६ साली झाला, हे या लेखात मांडण्याचा मानस आहे.

प्रथम चित्राचा विचार करू. एखादे दृश्य तारेतून किंवा लहरींवरून पाठवावयाचे, तर अडचण अशी की, दृश्य एकाच वेळी सर्वत्र पसरलेले असते आणि विद्युत्प्रवाह मात्र एका क्षणी एकच मूल्य वाहून नेऊ शकतो. यावर तोड सुचली ती दृश्य तुकड्यातुकड्यांनी वाचण्याची. आपण पुस्तकाचे पान ओळीमागून ओळ वाचतो, तसे दृश्यही ओळींनी वाचावे आणि त्यातील उजेड-अंधाराचे चढउतार विजेच्या चढउतारांत बदलून पाठवावेत. जर्मनीतील पॉल निपको या विद्यार्थ्याने १८८४ साली याच तत्त्वावर सर्पिलाकार छिद्रे असलेल्या फिरत्या चकतीची कल्पना मांडली. चकती फिरली की एकेक छिद्र दृश्यावरून एकेक ओळ ओढीत जाई. कल्पना उत्तम होती, पण ती प्रत्यक्षात आणण्याची साधने त्या काळी नव्हती.

पुढे चाळीसेक वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्ड यांनी लंडनमध्ये ही चकती खरोखर फिरवली. १९२५ साली त्यांनी पहिले ओळखू येण्याजोगे चित्र मिळवले, ते शब्दभ्रमाच्या खेळातील एका बाहुल्याच्या मुखवट्याचे. त्या यंत्रास लागणाऱ्या प्रखर दिव्यांपुढे जिवंत माणूस फार काळ बसणे कठीण, म्हणून बाहुला. आपल्याकडील पाध्ये यांच्या अर्धवटरावाची आठवण वाचकांस येथे झाल्यावाचून राहणार नाही. बाहुल्याचे तोंड दिसते आणि आवाज भलतीकडूनच येतो, हे शब्दभ्रमाचे मर्म; आणि दूरचित्रवाणीचे पहिले पात्र नेमके असे निघावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. २६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्ड यांनी लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवरील आपल्या खोलीत शास्त्रज्ञांसमोर प्रात्यक्षिक केले. पुढे त्यांचे जे प्रक्षेपण सुरू झाले, त्यातील चित्र अवघ्या ३० ओळींचे असे.

याच काळातील एक घटना आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये बीबीसीच्या प्रक्षेपकावरून बेअर्ड यांचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा या कामी एकच प्रक्षेपक उपलब्ध होता. तो एका वेळी चित्र तरी पाठवी किंवा ध्वनी तरी. त्यामुळे वक्त्याचे हलणारे ओठ आधी मुक्याने दिसत, आणि मग चित्र थांबून त्याच वक्त्याचे शब्द ऐकू येत. मार्च १९३० मध्ये दुसरा प्रक्षेपक मिळाला, तेव्हा कोठे मुद्रा आणि वाणी यांची एका वेळी गाठ पडली. पुढे तंत्र कितीही सुधारले तरी मूळची ही दोन वाटांची व्यवस्था कायम राहिली. आपल्या घरातल्या जुन्या संचातही चित्राची लहर आणि ध्वनीची लहर वेगवेगळीच येत असे.

फिरत्या चकतीची मर्यादा लवकरच उघड झाली. तीस ओळींच्या जागी चारशे-सहाशे ओळी हव्यात, तर चकती कितीही वेगाने फिरवून भागणार नव्हते. ज्याला वजन जवळजवळ नाहीच, असे काहीतरी फिरवावयास हवे होते. असे साधन १८९७ सालीच जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी तयार करून ठेवले होते. निर्वात काचनळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडावयाचा आणि तो चुंबकाने हवा तसा वळवावयाचा, अशी त्याची रचना होती. अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ या एकवीस वर्षांच्या तरुणाने ७ सप्टेंबर १९२७ रोजी दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून यांत्रिक चकती काढून टाकली आणि इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने एक साधी रेघ दूर पाठवून दाखवली. ओळीओळींनी दृश्य वाचण्याची कल्पना त्याला बालवयात शेत नांगरताना, मातीत उमटलेल्या तासांकडे पाहून सुचली, अशी कथा सांगतात. जपानमध्ये केंजिरो ताकायानागी आणि अमेरिकेतच व्लादिमिर झ्वोरिकिन हेही याच वाटेने चालले होते. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली, तेव्हा बेअर्ड यांची २४० ओळींची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ ओळींची इलेक्ट्रॉनिक पद्धत आलटून पालटून वापरली गेली. तीन महिन्यांतच निकाल लागला आणि बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. ज्याने वाट दाखवली, त्याच्या वाट्याला मुक्कामाचे सुख आले नाही.

आता आपल्या दिवाणखान्यातील त्या बोजड पेटीकडे वळू. संचाची खोली एवढी का असे, याचे उत्तर चित्रनलिकेच्या आकारात आहे. नरसाळ्यासारख्या त्या जाड काचनळीच्या मागील अरुंद टोकाला एक तापणारा धातूचा भाग असे. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटत आणि कृष्णधवल संचात सुमारे पंधरा हजार, तर रंगीत संचात सुमारे पंचवीस हजार व्होल्टच्या ओढीने पडद्याकडे धाव घेत. पडद्याच्या आतील बाजूस दीप्तिमान पदार्थाचा लेप असे. झोत जेथे आदळे, तेथे तो चमके. नळीच्या मानेभोवती गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून चुंबकीय क्षेत्र निर्माण होई, आणि ते त्या झोताला डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरवी. झोत प्रबळ झाला की ठिपका उजळे, क्षीण झाला की काळवंडे. संच सुरू केल्यावर आवाज आधी येई आणि चित्र काही क्षणांनी, हे पुष्कळांना आठवत असेल. त्याचे कारण हेच की, ट्रान्झिस्टरवर चालणारा ध्वनीचा भाग तत्काळ जागा होई, तर चित्रनलिकेस तापावयास वेळ लागे.

भारताने जी पद्धत स्वीकारली, तीत एका चित्राच्या ६२५ ओळी असत आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. डोळ्यांना लुकलुक जाणवू नये म्हणून आधी विषम ओळी आणि मग सम ओळी, अशा दोन फेऱ्यांत प्रत्येक चित्र रेखाटले जाई. म्हणजे एका सेकंदात १५,६२५ ओळी. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. हा केवळ गणिताचा आकडा नव्हे. त्या गतीने संचाच्या आतील रोहित्र कंप पावे आणि त्यातून एक अतिशय बारीक शीळ निघे. ती लहान मुलांना ऐकू येई. घरातील वडीलधाऱ्यांचे कान मात्र वयोमानाने त्या उंच स्वराला बंद झालेले असत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोणत्याही क्षणी झोत पडद्यावरच्या एकाच ठिपक्यावर असे. त्याने मागे सोडलेला उजेड क्षणार्धात मावळत जाई, आणि मग झोत पुन्हा तेथे येई. पडद्यावर अखंड चित्र असे कधी नसेच. ते जुळे ते पाहणाऱ्याच्या दृष्टिसातत्यामुळे, म्हणजे डोळ्याने आणि मेंदूने धरून ठेवलेल्या क्षणभराच्या आठवणीमुळे. झोताने ओळ केव्हा सुरू करावी आणि पान केव्हा उलटावे, याच्या खुणाही चित्रासोबतच येत. त्या खुणा चुकल्या की चित्र वर सरकू लागे, आणि मग घरातील कर्ते पुरुष मागील बाजूची कळ हळूहळू फिरवीत बसत.

ध्वनीची कथा याहून साधी आहे. आपल्या जुन्या पद्धतीत चित्राच्या लहरीपासून साडेपाच मेगाहर्ट्झ अंतरावर ध्वनीची स्वतंत्र लहर असे. चित्राची माहिती लहरीच्या उंचीत, म्हणजे तिच्या बळात साठवलेली असे. ध्वनीची माहिती लहरीच्या कंपनसंख्येत. वीज कडाडली किंवा दारातून स्कूटर गेली की लहरीचे बळ बिघडे, म्हणून पडद्यावर ठिपके उडत. कंपनसंख्या सहसा बिघडत नसे, म्हणून शब्द स्वच्छ ऐकू येत. दूरच्या केंद्राचे प्रक्षेपण पकडणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा होता: चित्रावर पांढरे ठिपके पसरलेले, तरी बातम्या ऐकू येत आहेत. अँटेनाने दोन्ही लहरी एकदमच पकडल्या, तरी संचात त्या वेगळ्या केल्या जात. ध्वनीचा विद्युत्प्रवाह ध्वनिक्षेपकातील तारेच्या वेटोळ्यात जाई. ते वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे हाले आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू हवेला हलवी. एकाच पेटीत चुंबकाच्या बळावर एकीकडे उजेड वळे आणि दुसरीकडे आवाज उमटे.

या दोहोंना लागणाऱ्या जागेचे प्रमाण वाचकांनी ध्यानी घ्यावे. आपल्या पद्धतीत चित्राला सुमारे पाच मेगाहर्ट्झ रुंदीची वाट लागे. ध्वनीला तिच्या मानाने फारच अरुंद पाऊलवाट पुरे. त्यामुळे चित्रासोबत एकाऐवजी दोन ध्वनी पाठवावयाचे झाले, तरी लहरींच्या जागेचा खर्च फारसा वाढत नाही. हे साधे तांत्रिक सत्य आमच्या मुख्य विषयाचा पाया आहे.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. जमिनीवरच्या प्रक्षेपकाची लहर मात्र साधारणपणे दृष्टीच्या टप्प्यात, फार तर क्षितिजाच्या थोडी पलीकडे पोहोचते. एवढ्या विस्तीर्ण देशात खेडोपाडी चित्र न्यावयाचे तर शेकडो मनोरे हवेत. यावर डॉ. विक्रम साराभाई यांनी वेगळा विचार मांडला: मनोरा आकाशातच उभा करावा. १९६९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेशी करार झाला. १९७१ च्या अखेरीस साराभाई निवर्तले, पण काम थांबले नाही. मे १९७४ मध्ये सोडलेला एटीएस-६ हा उपग्रह पुढील वर्षी पूर्व आफ्रिकेच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आणून ठेवण्यात आला. आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे पूर्ण एक वर्ष भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट आकाशातून चित्र उतरले. हा उपग्रह शिक्षण दूरचित्रवाणी प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. त्याचे व्यवस्थापन पाहणारे डॉ. एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे, याचा आपणांस अभिमान वाटावा.

हैदराबादकरांना आणखी एका कारणाने या प्रयोगाविषयी आपुलकी वाटावी. खेड्यांत बसवलेले संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कारखान्यात तयार झाले होते. अँटेना म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री. जेथे वीज नव्हती, अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले गेले. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी ग्रामस्थांसाठी अडीच तास कार्यक्रम असत; शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे त्यांचे विषय. तो काळ आणीबाणीचा होता आणि पडद्यावरून सरकारचीच वाणी ऐकू येई, हेही इतिहास म्हणून नोंदवले पाहिजे.

दख्खनमध्ये या प्रयोगासाठी आंध्र प्रदेशातील हैदराबाद, मेदक, महबूबनगर व कर्नूल आणि कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे निवडले होते. उपग्रहाच्या एका चित्रवाटेबरोबर ध्वनीच्या दोन वाटा होत्या. म्हणून या दोन राज्यांसाठी चित्र एकच पाठवले जाई आणि त्यासोबत एका वाटेने तेलुगू, दुसऱ्या वाटेने कन्नड. महबूबनगरच्या खेड्यातील आणि रायचूरच्या खेड्यातील शेतकरी एकाच क्षणी तेच शेत आणि तेच बियाणे पाहत. एकाला ते तेलुगूत समजे, दुसऱ्याला कन्नडात. लंडनमध्ये १९२९ साली जे वेगळेपण गैरसोयीचे ठरले होते, तेच येथे सोयीचे झाले. आमच्या मते भारतासारख्या बहुभाषिक देशाने दूरचित्रवाणीच्या तंत्राचा केलेला हा सर्वांत समंजस उपयोग होय.

परंतु याच नकाशाकडे मराठी डोळ्यांनी पाहिले की एक उणीव दिसते. विजापूर, गुलबर्गा आणि जुन्या निजामी राज्याचे हे जिल्हे म्हणजे आपल्या भाषेचे जुने वस्तीस्थान. तेथील पेठांत, शेतांत, मठ-मंदिरांत मराठी बोलणारी कुटुंबे शतकानुशतके राहत आली. प्रयोगाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि म्हणून त्या लहरीत मराठीला जागा नव्हती. यात कोणाचा आकस होता असे आम्ही मानीत नाही. तिसरा ध्वनी हवा असता, तर प्रत्येक संचात जादा जोडणी लागली असती, भाषांतर करणारी माणसे लागली असती. शासकीय सेवेचा अनुभव असल्यामुळे आम्ही सांगू शकतो की, योजना आखताना कागदावर राज्य असते, जिल्हा असतो, खेड्यांची संख्या असते. सीमेच्या अलीकडे पलीकडे पसरलेल्या भाषेसाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो. लहर सीमा ओळखत नाही. लहरीवर काय चढवावयाचे हे ठरवणारी फाइल मात्र ओळखते.

प्रयोग संपल्यावर १९७७ साली हैदराबाद आणि गुलबर्गा येथे जमिनीवरचे प्रक्षेपक उभे राहिले. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी रंग आला. १९८४ साली लहान शक्तीचे प्रक्षेपक गावोगाव झाले. हैदराबादेतील आमच्या घरांत तेलुगू बातम्या, उर्दू मुशायरे आणि हिंदी मालिका नांदू लागल्या. त्याने आमचे नुकसानच झाले असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. तेलुगू उत्तम समजू लागले, आणि कचेरीत त्याचा उपयोगही झाला. पण घरातल्या पेटीतून मराठी शब्द क्वचितच ऐकू येई. मुलांच्या मराठीत हळूहळू खंड पडू लागला, तो याच वर्षांत. शाळा परभाषेची होतीच. संध्याकाळचे दोन तास जे पूर्वी आजीच्या गोष्टीचे होते, तेही आता परभाषेचे झाले. पुस्तके कपाटात होती, परंतु कानावर पडणारी भाषा हीच मुलांची पहिली शाळा असते.

पुढे उपग्रहाची वाट खुली झाली आणि चित्र पालटले. ऑगस्ट १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रहवाहिनी आली, १९९९ साली अल्फा मराठी आली. जुलै २००० मध्ये आलेल्या ईटीव्ही मराठीने तर इतिहासाला गंमतीदार वळण दिले. तिच्या बातम्या हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून दिल्या जात. महाराष्ट्रातून तरुण पत्रकार नोकरीसाठी आमच्या शहरात येऊ लागले, आणि ज्या शहरातल्या मराठी घरांनी वीस-बावीस वर्षे आपल्या पेटीतून मराठी ऐकण्याची वाट पाहिली, त्याच शहराच्या वेशीवरून मराठी वाणी साऱ्या महाराष्ट्रात जाऊ लागली. ती वाहिनी पुढे दुसऱ्या समूहाची झाली आणि २०१५ साली तिचे नाव बदलले. पण हा काळ आपल्या स्थानिक इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

आज चित्रनलिका इतिहासजमा झाली आहे. आताच्या सपाट पडद्यात झोत फिरत नाही. १९२० गुणिले १०८० अशा, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपक्यांचे जाळे एकाच वेळी उजळलेले असते, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक सर्व जमिनीवरचे प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. चित्र आणि ध्वनी आता अंकांच्या रूपात येतात. चित्रापैकी जे बदलले तेवढेच मुख्यतः पाठवले जाते, उरलेले संच आपल्या स्मृतीतून भरून काढतो. तरीही जुनी रीत सुटलेली नाही: अंकांच्या त्या प्रवाहातही चित्राचा पुडका वेगळा आणि ध्वनीचा वेगळा. दोघांची गाठ वेळेच्या खुणा पाहून संचातच मारली जाते. ती चुकली की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

या रचनेमुळे १९७५ साली दोन ध्वनींची जी मर्यादा होती, ती आता उरलेली नाही. एका चित्रासोबत चार-सहा भाषांतील ध्वनी सहज पाठवता येतात, आणि अनेक वाहिन्या ते पाठवीतही आहेत. कोणत्या वाहिनीवर कोणत्या भाषा आहेत हे संचावर पाहता येते, आणि जेथे मराठी आहे तेथे ती निवडण्यासाठी हातातल्या नियंत्रकावरील एक कळ पुरते. जेथे मराठी नाही, तेथे ती मागणे हे ग्राहक म्हणून आपल्या हाती आहे. आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत ही कळ कधी दाबलीच गेलेली नाही. संच जोडून देणारा कारागीर जी भाषा लावून गेला, तीच वर्षानुवर्षे चालू आहे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, पन्नास वर्षांपूर्वी, आपल्याला विचारणारे कोणी नव्हते. आज विचारणा दारात आली आहे, आणि उत्तर मात्र आपण कारागिरावर सोपवले आहे. नातवंडे सुटीत घरी येतील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी निदान एवढे पाहून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.